पहिले वऱ्हाडीत सांग

आमच्या सरांना कुणी ‘तुम्ही फार चांगले शिक्षक आहात’ म्हटलं की ते विचारायचे, ‘कशावरून?’

यात विनयाचा भाग नसायचा. त्यांना खरंच ऐकायचं असायचं. वाशीमच्या कॉलेजातून ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांचा एक जुना विद्यार्थी बोलायला उठला. तो आता रिसोडला सोयाबीनची अडत चालवतो. माईक हातात घेऊन म्हणाला, ‘सर म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर.’ खांद्यावर शाल, मांडीवर नारळ अशा अवस्थेत सर पुढे वाकले आणि म्हणाले, ‘कशावरून?’ सभागृह हसलं. सर हसले नाहीत. त्या बिचाऱ्यानं माईक दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, ‘सर, बीएला असताना मी लिहिलं होतं, गाव सोडताना कवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही विचारलं, कोणत्या ओळीत? मी सगळी कविता शोधली. कुठंच नव्हतं. ते पाणी माझ्याच डोळ्यांत आलं होतं.’ सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, ‘हां. आता बोल पुढं.’

सर समीक्षा शिकवायचे. समीक्षा आणि संशोधनलेखन हा पेपर म्हणजे एम.ए.च्या पोरांच्या दृष्टीनं गाइड पाहून उरकायचा विषय. कविता मुळात वाचलीच पाहिजे असं कुणाला वाटत नसे, कारण कवितेबद्दल काय म्हणायचं ते गाइडात छापलेलंच असे. आमच्या वर्गानं पहिला निबंध लिहून दिला तेव्हा सरांनी तो हजेरीच्या क्रमानं वाचायला घेतला. संपूर्ण नव्हे, फक्त ‘माझ्या मते’ने सुरू होणारं वाक्य. पहिल्याच्या मते कविता कालातीत होती. दुसरीच्या मतेही कालातीत होती. असं करत करत सगळा वर्ग संपला. सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘एवढं एकमत असंल तर पोट्टेहो, तुमी शिकून कायले राह्यले? पार्टी काढा, निवडून येसाल.’

ते भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. वाशीमच्या वेशीबाहेर त्यांची बागाईत होती, अजून आहे. प्राध्यापक झाले तरी पहाटेची बाग सुटली नाही. त्यांच्या स्कूटरच्या एकाच पिशवीत मेथीच्या जुड्या आणि आमचे निबंध असत, त्यामुळे निबंध परत मिळायचे तेव्हा त्यांना ओल्या मातीचा वास यायचा. कधी कधी लाल पेनाऐवजी मातीचाच डाग शेऱ्याच्या जागी असे, आणि तो नेमका कोणत्या वाक्यावर पडला आहे यावर आम्ही हॉस्टेलात चर्चा करत असू.

दुसऱ्याचं मत स्वतःचं म्हणून खपवणं त्यांना सहन होत नसे, आणि हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. ‘यंदा थंडी जास्त पडंल’ असं साधं वाक्य बोलले तरी पुढे जोडायचे, ‘हे चहावाला म्हनला, मी नाही.’ एकदा प्राचार्यांच्या खोलीत ते म्हणाले, ‘नवीन इमारतीचा रंग वाईट आहे.’ प्राचार्यांचा चेहरा पडला. सर प्रामाणिकपणे म्हणाले, ‘हे आमच्या घरच्यांचं मत आहे. मी रंग अजून नीट पाहिला नाही.’

पण त्यांचा खरा वेडेपणा म्हणजे त्यांची पद्धत. ती मला जन्मभर पुरली, म्हणून ती सांगितलीच पाहिजे.

मी मेडशीची. घरी शेतमजुरी. वस्तीतून एम.ए.ला गेलेली पहिली मुलगी मीच. पहिल्या निबंधात मी लिहिलं होतं, ‘कवीने ग्रामीण जीवनातील विदारक वास्तव अत्यंत प्रभावीपणे चित्रित केले आहे.’ या वाक्यावर माझा जीव होता. सरांनी मला उभं केलं.

‘हे तुह्या मायले सांगाचं असंल तर कसं सांगशीन? पहिले वऱ्हाडीत सांग.’

मी वही मिटली. वर्ग माझ्याकडे पाहत होता.

‘सांग नं. माय विचारून राह्यली, काय हाय वं त्या कवितेत?’

‘कवीनं... गावचं लय... लय भारी लिवलं.’

‘एवढंच?’

‘हो.’

‘मंग एवढंच लिही. बाकीचं कायले लिवलं?’

वर्ग हसला आणि मला भयंकर राग आला. माझा राग लवकर जात नाही, तो आठवडाभर टिकला. हॉस्टेलात पहिल्या वर्षी मी ‘मले’, ‘तुले’ बोलले की मुली तोंडावर पदर धरल्यासारखं करून हसायच्या. ती बोली जिभेवरून उतरवायला मी काय काय केलं होतं ते माझं मला माहीत. आणि आता हा माणूस तीच बोली भर वर्गात परत मागत होता. मला वाटलं, हा मला माझी जागा दाखवतोय.

तसं नव्हतं हे कळायला वेळ लागला. कारण शुद्ध मराठीबद्दल ते तितकेच कडक होते. लिहायचं प्रमाण भाषेतच, तळटीप चुकली तर पान परत. पण त्याआधी मत बोलीत सांगून दाखवायचं. ‘घरच्या बोलीत सांगता येत नाही ते मत तुह्यापाशी नाहीच. ते कोनाचं तरी उचललेलं हाय,’ असं त्यांचं म्हणणं. ‘अन् नुसतं बोलीत सांगून भागत नाही. ते लिहून टिकलं पाहिजे. दोन्हीकडं टिकलं की मी मार्क देतो.’ हळूहळू आम्ही सगळे तसं करायला लागलो. अर्थात आमच्या निबंधांची लांबी निम्म्यानं कमी झाली, आणि परीक्षेत पानं भरायची कशी या चिंतेनं काही जणांनी गुपचूप पुन्हा गाइडं आणली.

रविवारी ते बागेत बोलवायचे. आपण वाफ्याच्या कडेनं चालत निबंध मोठ्यानं वाचायचा, ते वांगी तोडत ऐकायचे. तोडता तोडता त्यांचा हात थांबला की समजायचं, वाक्यात काहीतरी आहे. चांगलं की वाईट हे मात्र कळायचं नाही. ते बराच वेळ गप्प राहायचे. ती गप्प राहण्याची त्यांची रीत फार जाचक होती. नवखी पोरं त्या शांततेत घाबरून स्वतःच म्हणायची, ‘काढून टाकतो सर.’ मग सर विचारायचे, ‘काहून? चांगलं होतं नं ते.’

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय निवडायचा होता. सरांनी विचारलं, ‘घरी कोनी गाते का?’ मी म्हटलं, माय गाते. वस्तीत जयंतीला, नामकरणाला, कुणी वारल्यावर पुण्यानुमोदनाला मायला बोलावतात. गाणी तिची तीच जुळवते, निंदताना, शेताच्या धुऱ्यावरून चालताना. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ. सर म्हणाले, ‘मंग दुसरा विषय कायले पाह्यतं?’

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. मायची गाणी लिहून घेतली आणि प्रबंध लिहिला. सरांनी तो वाचला आणि बागेत वांगी तोडताना एवढंच म्हणाले, ‘हे पूजा झाली. वाचन कुठी हाय?’

‘सर, ती माझी माय आहे.’

‘हाय नं. म्हनूनच विचारून राह्यलो. तिचे सगळेच गाने सारखे चांगले हायेत का?’

नव्हते. हे मला लिहून घेतानाच कळलं होतं. काही गाणी अशी होती की ऐकताना अंगावर काटा यायचा:

शाई अंगठ्याची गेली, बाई धुता धुता हात
आता नाव माझं राहे लेकीच्या गं अक्षरात

आणि काही गाणी कुणाचीही असू शकली असती. ‘नमन करू, वंदन करू, गुण गाऊ सारे, निळे निळे आभाळ आणि निळे निळे वारे,’ असली. मग मी प्रबंधात एक वाक्य घातलं. ‘काही गीतांमध्ये आशयाचे शैथिल्य व रूढ प्रतिमांचा आश्रय आढळतो.’ मला वाटलं, सुटले.

सरांनी त्या वाक्याखाली बोट ठेवलं. ‘हे मायले वऱ्हाडीत सांगितलं का?’

मी म्हटलं, नाही सांगता येणार. ‘मंग सही नाही होनार,’ सर म्हणाले. ‘तिच्या पाठीमागं, तिले न समजनाऱ्या भाषेत तिले नावं ठेवतं? हे चोरी हाय.’

मी गावी गेले. मायनं भाकर वाढली, मी खाल्ली, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तसंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात वाकलेल्या बाईची एकच गोष्ट तिची स्वतःची होती, ती गाणी. त्यांना तिची लेक नावं ठेवणार, तेही तिनंच मजुरी करून शिकवलेली लेक. इकडे प्रबंध जमा करायची मुदत येऊन ठेपली होती. सही झाली नसती तर माझं वर्ष गेलं असतं, आणि घरात आणखी एक वर्ष पोसायची ताकद नव्हती. मी सरांसमोर रडले. ते विरघळले नाहीत. म्हणाले, ‘चाल, मी येतो.’

अकोल्याकडे जाणाऱ्या एसटीनं आम्ही मेडशीला उतरलो. सरांनी मायसाठी पिशवीभर वांगी आणली होती. कॉलेजचे सर घरी आले म्हणताच वस्ती अंगणात जमली. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, जयंती समितीचे अध्यक्ष. ते इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. मायनं पदर सावरला आणि गायला लागली. एकेका गाण्यावर टाळ्या पडत होत्या. सर डोळे मिटून ऐकत होते. टाळ्या मात्र वाजवत नव्हते. ते लोकांच्या लक्षात आलं होतं.

गाणी संपली. सर माझ्याकडे वळले. ‘सांग.’

मी मायकडे न बघता म्हटलं, ‘माय, ते नमनाचं गानं ढिल्लं हाय.’

मोठे बाबा उठून उभे राहिले. ‘जयंतीच्या गान्याले नाव ठेवतं? तू?’ मग सरांकडे वळले. ‘अन् तुमी? आमच्या पोरीले हेच शिकवता? आमचं गानं चांगलं का वाईट ते आता तुमी ठरवनार काय?’

सर उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. ‘भाऊ, मी नाही ठरवत. मी ठरवलं असतं तर एकटाच आलो असतो,’ ते म्हणाले. ‘पन खोटं सांगत नाही, मलेही ते गानं ढिल्लंच वाटलं.’

‘देवाच्या गान्याले असं म्हना बरं एकदा! तुमच्या भजनाले!’

‘रोज म्हनतो,’ सर म्हणाले. ‘म्हनून आमच्या मंदिरात मले कोनी बोलवत नाही.’

मागं कुणीतरी हसलं, पण मोठ्या बाबांचा राग उतरला नाही, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. आमच्या वस्तीला नावं ठेवणारे पिढ्यानपिढ्या बाहेरूनच आले होते. हा आणखी एक आला असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांचा काय दोष?

तेवढ्यात माय म्हणाली, ‘थांबा जी भाऊजी.’ आणि मला विचारलं, ‘काहून ढिल्लं हाय वं?’

आता मागे फिरायला जागा नव्हती. मी म्हटलं, ‘ते कोनीबी म्हनलं असतं माय. त्याच्यात तू नाईस. अंगठ्याच्या गान्यात तुहा हात दिसते मले, शाई दिसते. याच्यात आभाळ हाय, वारं हाय, पन मानूसच नाई.’

माय जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं सगळं. मग ती मोठ्या बाबांकडे वळून म्हणाली, ‘ते गानं मले बी कधी पटलं नाई. डीजे आनला त्या सालचं हाय. समितीनं म्हनलं, नमनाचं पायजे, संध्याकायपर्यंत पायजे. शब्द बी अर्धे तुमचेच होते भाऊजी.’

मोठे बाबा खाली बसले.

आणि मग माय माझ्या जवळ सरकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी आजवर न पाहिलेली एक घाई होती, भुकेल्या माणसाला असते तशी. ‘अन् बाकीचे?’ तिनं विचारलं. ‘बाकीचे कसे हायेत ते सांग. एकेक सांग. इतके वर्स झाले, लोक सगळ्याच गान्यायले सारख्याच टाळ्या वाजवते. मले समजतच नाई कोनतं साधलं अन् कोनतं हुकलं.’

त्या दुपारी आम्ही तिघं एकेक गाणं घेऊन बसलो. वस्ती पांगली, चहा झाला, पुन्हा चहा झाला. माय भांडली, हरली, एका ठिकाणी तर सरांना हरवलं. एका ओळीत तिनं ‘पाटी’ हा शब्द दोनदा वापरला होता. सर म्हणाले, एक कमी करा. माय म्हणाली, ‘पहिली पाटी घमेल्याची हाय सर, डोक्यावरची. दुसरी शाळेतली. एक काढली तं काय उरते?’ सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बरोबर हाय बाई. मले ऐकू नाही आलं.’ परतीच्या एसटीत त्यांनी माझ्या प्रबंधावर सही केली. गाडीच्या हादऱ्यांनी ती सही अशी वाकडी झाली की विद्यापीठानं ती त्यांचीच आहे ना असं विचारलं होतं.

पुढे मला रिसोडच्या ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. सर निवृत्त झाले. पण मायचं आणि त्यांचं जुळलं ते जुळलंच. नवं गाणं झालं असलं की मी गावी गेल्याबरोबर माय मला फोन लावायला सांगायची, ‘सरले आयकव.’ ती गायची. मग पलीकडून काहीच नाही. सरांच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू यायची, रस्त्यावरची गाडी ऐकू यायची, सर मात्र गप्प. माय स्पीकरवर लावलेला फोन दोन्ही हातांत घट्ट धरून बसलेली. शेवटी आवाज यायचा, ‘बाई, शेवटी घाई केली तुमी.’ किंवा, ‘मधल्या कडव्यात पानी वाढलं.’ माय चिडायची, सरांना काही समजत नाही म्हणायची, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच कडवं गुणगुणत निंदायला जायची. त्या फोनची ती इतकी वाट बघायची की मला कधी कधी हेवा वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात मी गावी गेले असताना तिनं असंच एक नवं गाणं सरांना ऐकवलं. एसटीनं कॉलेजला जाणाऱ्या पोरींचं. शेवटची ओळ संपली न संपली तोच पलीकडून आवाज आला, ‘छान. लय छान झालं बाई.’

मायनं फोन खाली ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. ‘सरची तब्येत बरी नाई वाटते,’ ती म्हणाली. ‘असं कधी म्हनतेत का ते? तू जाऊन पाह्य.’

मी वाशीमला गेले. काकूंनी दार उघडलं. दिवाळीनंतर सरांना मेंदूचा एक झटका येऊन गेला होता. चालता येतं, बोलता येतं, माणसं ओळखतात, असं त्या म्हणाल्या. ‘पण आता कशालाच नावं ठेवत नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी छान. टीव्हीवर काहीही लागलं तरी छान. मी जन्मभर या माणसाच्या प्रश्नांना वैतागले होते गं. आता भाजी मुद्दाम खारट करून पाहते, एकदा तरी काही विचारतील म्हणून.’

सर आतल्या खोलीत उन्हात बसले होते. मला बघून खूप आनंदले. मी जवळ बसले आणि मायचं गाणं पुन्हा म्हणून दाखवलं. ते मान डोलवत हसत होते.

‘सर, दुसऱ्या कडव्यात काही खटकलं?’

‘तुले खटकलं का?’

‘हो.’

‘मंग असंल,’ सर म्हणाले. पुरावा मागितला नाही, ओळ विचारली नाही. ‘आता मले सगळंच चांगलं लागते गं पोरी. बरं वाटते.’

त्यांना खरंच बरं वाटत होतं. रडू मला आलं. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले, त्यांनी थोपटलं, आणि मी आणलेली संत्रीही फार चांगली आहेत असं सोलायच्या आधीच सांगितलं.

संध्याकाळच्या गाडीनं मेडशीला आले. माय फाट्यावरच येऊन उभी होती. घराकडे चालताना सरांच्या आजाराचं मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘अन् गान्याचं काय म्हनले?’

‘दुसरं कडवं ढिल्लं हाय म्हनले,’ मी म्हटलं.

‘काहून?’

‘पहिल्या कडव्यात पोरगी एसटीत उभी हाय. हातात डबा हाय, मले दिसते. दुसऱ्यात नुसता ज्ञानाचा उजेड अन् प्रगतीची वाट. पोरगी कुठी गेली?’

माय चालता चालता थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. घरी आल्यावर चूल पेटवायचं सोडून उंबऱ्यात बसली. ओठ हलत होते. एक ओळ जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. मग मला हाक मारून समोर बसवलं.

‘आता पाह्य,’ ती म्हणाली. तिनं ते कडवं नव्यानं म्हटलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी लगेच काही बोलले नाही.